पानशेतचें पाणी आणि पुण्याचा विद्यार्थी

पुण्याला विद्येचें माहेरघर म्हणण्याची चाल जुनी आहे. माहेर म्हटलें कीं दोन गोष्टी प्रथम मनांत येतात. एक मायेचीं माणसें आणि दुसरी पोटभर जेवण. विद्येच्या ह्या माहेरीं विद्या पुष्कळांना मिळाली. पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि दुखण्यांत उशाशीं बसणारें माणूस ह्या तीन गोष्टींची कथा मात्र निराळी आहे. त्या कोणाला मिळाल्या, कोणाला मिळाल्या नाहींत आणि ज्यांना मिळाल्या नाहींत त्यांच्यासाठीं कोणीं काय केलें, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषयास हात घालण्यापूर्वीं आपण क्षणभर शहराबाहेर जाऊं. पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारें ४० किलोमीटरांवर, तोरणा आणि राजगड ह्या दुर्गांच्या उत्तरेस, आंबी नदीच्या खोऱ्यांत पानशेत आहे. शेजारचें खोरें मोसे नदीचें. शिवकालांतील बाजी पासलकर तेथलेच. मुलूख डोंगराळ, पाऊस उदंड, शेती उतारावरची भातनाचणीची. पुण्यांतला विद्यार्थी वसतिगृहाच्या नळाखालीं तांब्या धरतो, तेव्हां त्यांत पडणाऱ्या पाण्याचा मोठा वांटा ह्या दोन खोऱ्यांतून आलेला असतो. ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. शेवटीं ह्याच ठिकाणीं आपल्याला परत यावयाचें आहे.

आतां शहरांत येऊं. पुण्यास शिकावयास येणाऱ्या गरीब मुलाचें पोट पूर्वीं दोन मार्गांनीं भरे. एक माधुकरीचा, दुसरा वाराचा. माधुकरी मागणारा मुलगा सकाळीं झोळी घेऊन घरोघर जाई आणि शिजलेल्या अन्नाचे चार घांस गोळा करून आणी. वार लावणारा सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असा सात दिवसांचा सात घरीं जेवे. ह्या पद्धतीची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. सरकारी मदत ठाऊक नव्हती अशा काळांत शेंकडों गृहिणींनीं परक्या मुलांना आपल्या पंक्तीस बसविलें आणि त्यांतून नांवाजलेले शिक्षक, वकील व ग्रंथकार निपजले. ह्या उपकाराची नोंद इतिहासानें आदरानेंच केली पाहिजे.

पण ह्या पद्धतीला दोन उणिवा होत्या आणि त्या दोन्ही आरोग्याच्या दृष्टीनें महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी कीं, अन्न मिळविण्यास मुलानें आपल्या पायांनीं चालत जावें लागे. तो तापानें फणफणला तर ना झोळी निघे ना वाराचें घर गांठतां येई. म्हणजे ज्या दिवशीं त्याला पेजेची आणि शुश्रूषेची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच दिवशीं त्याचें अन्न बंद होई. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशीं पाणी पिऊन निजावें लागे. मिळेल तें, थंड झालेलें, कधीं शिळें अन्न खाऊन वाढत्या वयाच्या मुलानें रात्रीं दिव्याशीं जागावयाचें, हा क्रम वर्षानुवर्षें चाले.

दुसरी उणीव अधिक खोल होती. ही पंक्ति मुख्यतः ब्राह्मण मुलांची होती. कुणब्याच्या, माळ्याच्या किंवा धनगराच्या मुलास तींत पाट नव्हता. महार, मांग आणि चांभार ह्यांच्या मुलांस तर अंगणांतहि पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. विहीर व हौद हे पाण्याचे साठेहि त्यांना बंद होते. ज्याला भिक्षाहि मागतां येत नाहीं असा एक दरिद्री विद्यार्थी असूं शकतो, ही कल्पनाच त्या काळच्या सुशिक्षितांच्या मनांत सहसा येत नसे.

जे पंक्तीच्या आंत होते त्यांचे देह तरी कितीसे धड राहिले? विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ सालीं वयाच्या ३१ व्या वर्षीं गेले. गोपाळ गणेश आगरकर १८९५ मध्यें ३८ व्या वर्षीं. मुंबईस न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्यें ४३ व्या वर्षीं. हे सारे केवळ हलाखीनें गेले असें म्हणणें अन्यायाचें होईल. प्रत्येकाच्या दुखण्याचें कारण निराळें होतें. पण असे मृत्यु एकामागून एक दिसूं लागले, तेव्हां १८९४ च्या सुमारास न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनीं हिंदु पदवीधरांच्या अकालीं मृत्यूचा प्रश्न जाहीरपणें मांडला आणि परीक्षांच्या ओझ्याकडे बोट दाखविलें. विद्यार्थ्याचें शरीर हा खासगी दैवाचा भाग नसून विद्यापीठाच्या विचाराचा विषय आहे, ही गोष्ट आपल्याकडे त्या चर्चेनें प्रथम ठळक झाली.

आनंदीबाई जोशी ह्यांचें उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचें आहे. १८८३ सालीं वयाच्या १८ व्या वर्षीं त्या अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांतून १८८६ मध्यें पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत क्षयानें वारल्या. तेव्हां त्यांचें वय २२ वर्षांचेंहि पुरें झालेलें नव्हतें. आपण त्यांच्या धैर्याची आठवण करितों, तें योग्यच आहे. पण परक्या देशाची थंडी, न मानवणारा आहार आणि अभ्यासाचा ताण ह्यांखालीं वैद्यक शिकणाऱ्या मुलीचीच प्रकृति ढासळत गेली, ह्या दुसऱ्या बाजूची आठवण आपण क्वचितच करितों. एकट्या धैर्यानें फुप्फुसें सुरक्षित राहत नाहींत.

पंक्तीबाहेरच्या मुलांचा विचार पुण्यांत ज्यांनीं प्रथम केला, त्यांनीं तो शाळेबरोबर पाण्याचा आणि अन्नाचाहि केला, हें विसरूं नये. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली आणि १८५२ पर्यंत महार-मांगांच्या मुलांसाठींहि शाळा सुरू केल्या, हें सर्वांस ठाऊक आहे. पुढें १८६८ मध्यें जोतीरावांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७७ च्या दुष्काळांत धनकवडीस मुलांसाठीं अन्नछत्र चालविलें. तहानेल्या आणि भुकेल्या मुलाला अक्षर दिसत नाहीं, हें त्यांनीं कृतीनें सांगितलें. १८९७ मध्यें पुण्यांत प्लेग आला. सावित्रीबाईंचे पुत्र डॉ. यशवंत ह्यांनीं हडपसरजवळ सासाण्यांच्या माळावर रोग्यांसाठीं दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनीं पाठीवर घेऊन तेथें आणलें, त्यांत त्यांनाहि लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेवला. ज्या मुलाला कोणी शिवत नव्हतें त्याला शिक्षिकेनें पाठीवर घेतलें, ह्यापरतें विद्यार्थ्यांच्या आरोग्यसमतेचें सूत्र मला माहीत नाहीं. आज पुण्याचें विद्यापीठ त्यांचें नांव धारण करून आहे, ही आठवण ठेवण्याजोगी आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं दानाच्या जागीं संस्था उभ्या राहूं लागल्या. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ मध्यें मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें. जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें मागोमाग निघालीं आणि १९०८ मध्यें अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालें. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे ह्यांनीं १९०६ मध्यें निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली. तिचें कार्य पुण्यांतहि रुजलें. पुण्यांत १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें. दारोदार फिरणाऱ्या मुलाला हक्काचें छप्पर मिळावें, हा त्याचा उद्देश होता. ह्या साऱ्या प्रयत्नांचें मर्म एकच. अन्न मुलाच्या मागें आलें, मुलाला अन्नाच्या मागें धांवावें लागलें नाहीं. आजारी मुलाची खाट आणि त्याचें ताट एकाच छपराखालीं आलीं.

तरी प्रत्येक जातीचें स्वयंपाकघर निराळें, ही अडचण राहिलीच होती. ती ओलांडण्याचें काम कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं केलें. १९१९ मध्यें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह उघडलें. त्यास १९२७ सालीं महात्मा गांधींनीं भेट दिली. येथें सर्व जातींचीं मुलें एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवीत. मुलांचें अन्न चालावें म्हणून लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रहि राखलें नाहीं. त्याच सुमारास, १९२५ सालीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें सोलापुरास वसतिगृह सुरू केलें. साताऱ्याच्या शाळेंत ज्याला पाण्याच्या भांड्यास हात लावण्याची बंदी होती, आणि लंडनमध्यें ज्यानें अर्धपोटीं राहून ग्रंथालयांत दिवस काढले, त्या विद्यार्थ्यास वसतिगृहाचें मोल कोणीं सांगावें लागत नव्हतें.

स्वातंत्र्य आलें, आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरु. खेड्यापाड्यांतून मुलें येऊं लागलीं. शहरांतील वाड्यांच्या काळोख्या खोल्या, खाणावळीचें पातळ वरण आणि शिकवण्या करून आलेला शीण ह्यांत त्यांचा दिवस जाई. ही स्थिति पाहून डॉ. अच्युतराव आपटे ह्यांनीं १९५५ सालीं विद्यार्थी साहाय्यक समिति स्थापन केली आणि ग्रामीण भागांतील गरीब विद्यार्थ्यांच्या निवासाची व जेवणाची सोय जातीचा विचार न करितां केली. मुलांनीं कांहीं काम करावें आणि मिंधेपणाशिवाय जेवावें, ही त्यांतली दृष्टि होती. मिंधेपणा हाहि एक रोग आहे. तो नाडींत सांपडत नाहीं. पण दुखणें अंगावर काढावयास, भूक लपवावयास आणि मनाची व्यथा कोणास न सांगावयास तोच लावितो.

आणि येथें आपण पुन्हां पानशेतला येऊन पोंचतों.

ह्याच वर्षांत आंबी नदीवर मातीचें धरण बांधलें जात होतें. काम १९५७ च्या सुमारास सुरू झालें होतें आणि तें १९६२ मध्यें पुरें व्हावयाचें होतें. परंतु १९६१ च्या पावसाळ्यांतच पाणी अडविण्याचें ठरलें. पाणी सोडण्याच्या मोरीचें काम तेव्हां अपुरें होतें. जुलैंत पाऊस कोसळला, बांध खचूं लागला, लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचलीं. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें. तो लोंढा खालच्या खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर आला आणि त्याच दिवशीं तेंहि फुटलें. मुठेनें पुण्याच्या पेठा गिळल्या. पूल बुडाले, वाडे ढासळले, ग्रंथ आणि संसार वाहून गेले.

पूर ओसरल्यावर एक चमत्कारिक समता शहरावर उतरली. पुण्याचें पिण्याचें पाणी खडकवासल्याहून येत असे. तें बंद झालें. वाड्याचा मालक, भाडेकरू, प्राध्यापक आणि खोली घेऊन राहिलेला खेड्यांतला विद्यार्थी हे सारे बादली घेऊन एकाच आडावर उभे राहिले. साथीच्या भीतीनें लस टोचण्याची मोहीम निघाली. सुईनें कोणाची जात विचारली नाहीं. महाविद्यालयांतलीं मुलें खोरें आणि घमेलें घेऊन चिखल उपसावयास उतरलीं. पुनर्वसनाचें काम सं. गो. बर्वे ह्यांच्या हातीं आलें आणि पूरग्रस्तांसाठीं नव्या वसाहती उभ्या राहिल्या. एकाचें दूषित पाणी हें सर्वांचें दुखणें आहे, हा धडा पुण्यानें त्या जुलैंत गिरविला. पाणी नळाला परत आलें तेव्हां तो कितपत ध्यानांत राहिला, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

पानशेतच्या फुटण्यांत आपल्या विषयाला लागू पडणारी आणखी एक गोष्ट आहे. तेथें पाणी सांठविण्याची घाई झाली आणि पाण्याला वाट देणारी मोरी अपुरी राहिली. विद्यापीठांनीं गेल्या पाऊणशे वर्षांत आपलीं दारें रुंद केलीं, हें उत्तमच झालें. कातकरी, कोळी, धनगर, दलित, मुसलमान आणि भटक्या जमाती ह्यांच्या घरांतलीं मुलें-मुली पहिल्यानेंच वर्गांत बसूं लागलीं. परंतु प्रवेशाची भिंत जितक्या उत्साहानें पाडली, तितक्या उत्साहानें ताट, खाट, शौचकूप आणि दवाखाना ह्यांचें बांधकाम झालें काय? प्रवेश दिला आणि पोषण दिलें नाहीं, तर ती अपुऱ्या मोरीचीच कथा होते. धरण फुटलें तर सारें शहर पाहतें. विद्यार्थी खचला तर हजेरीपटावर एक रेघ ओढली जाते, इतकाच भेद.

आतां ज्यांच्या खोऱ्यांत हें पाणी आहे त्यांचें काय झालें तें पाहूं. धरण पुन्हां बांधलें गेलें आणि १९७२ च्या सुमारास पुरें झालें. जलाशयास तानाजीसागर असें नांव मिळालें. पुण्याला पाणी मिळालें आणि खोऱ्यांतल्या घरांना, शेतांना व देवळांना जलसमाधि मिळाली. धरणांमुळें उठलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रांत १९७६ मध्यें झाला, म्हणजे पानशेतच्या लोकांनीं आधीं गांव सोडलें आणि कायदा मागून आला. धरणग्रस्तांची बाजू घेऊन उभे राहिलेल्यांत डॉ. बाबा आढाव हे पुण्याचे वैद्य अग्रभागीं होते. त्यांच्या कार्याचा क्रम पाहण्यासारखा आहे: १९७२ पासून ‘एक गांव एक पाणवठा’ ही चळवळ, १९७४ मध्यें हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’, आणि त्याबरोबर धरणग्रस्तांचा लढा. पाणी, भाकरी आणि जमीन हीं ज्याला एकत्र दिसलीं, त्याला आरोग्याचा अर्थ औषधाच्या बाटलीपलीकडे कळला होता. कष्टकऱ्यांसाठीं निघालेल्या त्या भाकरीवर हातीं पैसा नसलेल्या विद्यार्थ्यानेंहि आपली भूक भागविली.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाहीं. २०१८ सालीं महाराष्ट्रांतील आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायीं निघाले होते. वसतिगृहांतली खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या बँकेच्या खात्यांत भरण्याचा निर्णय झाला होता, त्याला त्यांचा विरोध होता. रोख रक्कम मिळत असतां मुलें चालत कां निघालीं, असें कित्येकांस वाटलें. पण माधुकरीची आठवण असणाऱ्या शहरास तरी तें कळावयास हवें होतें. पैसे उशिरां आले तर पोट थांबत नाहीं; हातीं आलेल्या पैशांतून घरचें देणें आधीं भागतें; आणि आजारी मुलाला पुन्हां स्वतःच बाहेर पडून अन्न शोधावें लागतें. शंभर वर्षांच्या खटपटीनें ताट खाटेजवळ आलें होतें, तें पुन्हां दूर जात होतें. दुसऱ्या बाजूनें, वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस राहण्याजेवण्याचा खर्च देणारी स्वाधार योजना सरकारनें २०१६-१७ पासून चालू केली, हेंहि सांगितलें पाहिजे. जेथें वसतिगृहच नाहीं तेथें रोख रकमेचा आधार मोठा आहे. तो स्वयंपाकघराच्या जागीं मात्र येऊं नये, त्याच्या जोडीला यावा.

तात्पर्य, पुण्याच्या विद्यार्थ्याच्या आरोग्याचा इतिहास मला तीन पायऱ्यांचा दिसतो. पहिली दयेची: झोळी आणि वार. दुसरी संस्थेची: वसतिगृह आणि एक पंगत. तिसरी हक्काची, तिच्यावर आपण एक पाय ठेवला आहे, दुसरा अजून उचलावयाचा आहे. ह्या तिसऱ्या पायरीवर आजारी मुलीस वैद्याकडे जातांना फीचा विचार करावा लागणार नाहीं, मन खचलेल्या मुलास तें बोलून दाखविण्याची लाज वाटणार नाहीं, आणि कोणाच्या ताटांत काय आहे ह्यावरून त्याची जात ओळखण्याचा कोणी प्रयत्न करणार नाहीं.

समजा, उद्यां आंबीच्या खोऱ्यांतून एखादी मुलगी एस.टी.तून उतरून पुण्याच्या महाविद्यालयाच्या दारीं उभी राहिली. तिच्या आजोबांच्या शेतावर आज जें पाणी उभें आहे, तेंच ह्या शहरानें दोन पिढ्या प्यालें आहे. तिला ताट, खाट आणि वैद्य देतांना आपण दान करीत आहों, असें पुणेंकरानें मनांतहि आणूं नये. तें देणें आहे, आणि देणें वेळेवर फेडावें, अशी आपल्या घरोघरची शिकवण आहे.